‘जमलं तर येते’: फायब्रोमायल्जिया आणि त्याच्या मागून येणारं एकटेपण

मराठीत ‘जमलं तर येते’ याचा सरळ अर्थ ‘येत नाही’ असा असतो. बोलावणाऱ्याला तो कळतो, बोलावलेल्यालाही कळतो, आणि कुणाचंच मन मोडत नाही. फार सोयीचं वाक्य आहे. माझी पंचाईत अशी, की गेली नऊ वर्षं मी ते अक्षरशः खरं म्हणून वापरतेय. जमलं तर खरंच येते. फक्त जमेल की नाही, हे त्या दिवशी सकाळी उठेपर्यंत मलाही माहीत नसतं. कधीकधी तर संध्याकाळी चप्पल घालेपर्यंत नसतं.

एका संक्रांतीचं सांगते. समोरच्या विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर हळदीकुंकू होतं, लिफ्ट नाही. दुपारपर्यंत मी बरी होते. साडी काढून पलंगावर ठेवली, केस विंचरायला हात वर केले आणि खांद्यापासून कोपरापर्यंत असा ठणका लागला की कंगवा तसाच केसांत ठेवून मी खाली बसले. मग फोन. ‘अहो, नाही जमत आज.’ पलीकडून, ‘बरं, असू दे हं.’ रात्री त्यांची मुलगी वाण घेऊन आली, स्टीलची छोटी वाटी आणि तिळगूळ. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही, वाटी तेवढी आली. त्याच्या पुढच्या वर्षी वाटीही नाही. यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. नाही म्हणालेल्या माणसाला पुन्हा विचारणं म्हणजे त्याला अवघडून टाकणं, असंच आपण समजतो.

फायब्रोमायल्जियात एकटेपण बहुतेक वेळा असंच येतं. कुणी भांडत नाही, कुणी दार लावून घेत नाही. ते का येतं हे कळायला आधी आजाराचा स्वभाव कळावा लागतो, म्हणून सुरुवात तिथून करते.

दुखण्याचा आवाज वाढलेला राहतो

२००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. तेव्हा किंवा नंतर ज्यांना तो झाला, त्यांना एका वाक्यात सांगता येतं. ताप उतरल्यावर अंग जसं झालं होतं, कूस बदलताना सगळं ठणकत होतं, दुधाची पिशवी जड वाटत होती, तसं अंग महिनोन्‌महिने राहतं. ताप नाही, सूज नाही, रक्ताचे रिपोर्ट स्वच्छ. शरीराच्या दोन्ही बाजूंना आणि कमरेच्या वर-खाली दुखणं, झोप होऊनही सकाळी न झोपल्यासारखं वाटणं, थकवा, आणि डोक्यात धुकं. समोर उभ्या असलेल्या मावसबहिणीचं नाव आठवत नाही, हे ते धुकं. जोडीला कुणाला डोकेदुखी, कुणाचं पोट बिघडलेलं, कुणाला उजेड, आवाज, वास सहन होत नाहीत. जगभरच्या पाहण्यांत साधारणपणे शंभरातल्या दोन ते चार जणांना हा आजार सापडतो. बायकांत जास्त. पुरुषांनाही होतो, पण त्यांच्याकडे तो ‘स्पॉन्डिलायटिस असेल’ या नावाखाली वर्षानुवर्षं पडून राहतो असा माझा अंदाज आहे.

मग बिघडतं काय? सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादी गाडी असते, जिच्यावर मांजर बसलं तरी अलार्म वाजतो. चोर नसतो, काच फुटलेली नसते, पण अलार्म खोटा वाजत नाही, खराच वाजतो आणि सगळी बिल्डिंग जागी होते. फायब्रोमायल्जियात मेंदू आणि मज्जारज्जूतली दुखणं मोजणारी यंत्रणा अशी हळवी झालेली असते. स्नायूंकडून आलेला साधा निरोपही ती दुखणं म्हणून वाचते, आणि दुखणं दाबणारा मेंदूचा स्वतःचा ब्रेक नीट लागत नाही. २००२ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या अंगठ्याच्या नखावर यंत्राने दाब द्यायचा आणि त्याच वेळी मेंदूचा स्कॅन काढायचा. निरोगी माणसाला जो दाब नुसता दाब वाटत होता, त्याच दाबाला रुग्णांच्या मेंदूतले दुखण्याचे कितीतरी भाग उजळून निघाले. म्हणजे रुग्ण दुखणं फुगवून सांगत नव्हते.

तरी ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी उंदरांची गोष्ट आहे. २०२१ साली ब्रिटन आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, उंदरांना टोचली. उंदीर दाबाला आणि थंडीला हळवे झाले, त्यांची हालचाल मंदावली. निरोगी माणसांची प्रतिपिंडं टोचलेल्या उंदरांना काही झालं नाही. हे सगळं कोडं सुटलं असा याचा अर्थ नव्हे. पण ‘तुला घरचं टेन्शन असेल’ म्हणणाऱ्यांना मी हळूच सांगते, की उंदराला सासू नसते.

झोपेचा धागा याहून जुना आहे. १९७५ साली टोरांटोच्या डॉक्टरांनी निरोगी माणसांना गाढ झोपेत शिरताच आवाज करून त्या झोपेतून बाहेर काढलं. जागं करायचं नाही, फक्त झोप उथळ करायची. काही रात्रींत त्या धडधाकट माणसांचं अंग ठिकठिकाणी दुखू लागलं. दुखण्यामुळे झोप बिघडते हे आपल्याला माहीत आहे, झोप बिघडल्याने दुखणं येतं हे तेव्हा दिसलं. आमची गाडी या दोन चाकांवर चालते.

नावाचा इतिहास दोन ओळींत उरकते. १९०४ साली एका इंग्रज डॉक्टरांनी याला ‘फायब्रोसायटिस’ म्हटलं, म्हणजे तंतूंची सूज. सूज कधी सापडलीच नाही, म्हणून १९७६ पासून ‘फायब्रोमायल्जिया’. १९९० च्या निकषांत अंगावरचे १८ बिंदू दाबून ११ ठिकाणी दुखतं का ते बघायचे. २०१० मध्ये ते बिंदू गेले. २०१६ च्या सुधारणेनंतर शरीराचे पाच भाग धरून त्यातल्या निदान चार भागांत दुखणं, तीन महिने टिकलेलं, सोबत थकवा, झोप आणि धुकं यांना दिलेले गुण, असं बघतात. या आजाराची म्हणून एकही रक्ततपासणी नाही. थायरॉइड, ड जीवनसत्त्व, बी-१२, संधिवात यांच्या तपासण्या होतात त्या दुसरं काही नाही ना हे बघायला. त्या नॉर्मल आल्या की खरं म्हणजे आजाराकडे बोट जायला हवं, पण घरात त्याचा अर्थ ‘काही झालेलं नाही’ असा लागतो. माझ्या निदानाला चार वर्षं लागली. त्यातल्या एका डॉक्टरांनी फाइल मिटत ‘जरा मन रमवा’ असं सांगितलं होतं. मी मन रमवायला कुठे जाणार होते, त्यांच्या दवाखान्याच्या दहा पायऱ्या उतरून मला रिक्षात झोपावं लागलं.

माणसं कशी कमी होतात

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला १९९६ साली घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी झाली होती. शंभरातल्या अठरा जणांना हाडं, सांधे, स्नायूंची काही ना काही तक्रार निघाली. म्हणजे आपल्याकडे दुखणं ही इतकी रोजची गोष्ट आहे, की ‘माझं अंग दुखतं’ हे वाक्य कुणाच्या कानात शिरतच नाही. ‘कुणाचं नाही दुखत गं?’ हे उत्तर तयार असतं, आणि ते खोटंही नसतं. लुगड्याच्या पदराने कपाळ पुसत गुडघेदुखीसकट शेतात राबलेल्या आज्या प्रत्येकाच्या घरात होत्या. त्यांच्यापुढे आपली तक्रार मांडताना आपल्यालाच लाज वाटते. मग सांगणं बंद होतं. एकटेपणाची पहिली पायरी ही.

दुसरी पायरी गमतीची आहे. लोकांना माझे फक्त चांगले दिवस दिसतात. वाईट दिवशी मी घरात असते, दिव्याला टॉवेल लावून. चांगल्या दिवशी मी बाहेर पडते, तेव्हा केस नीट असतात, लिपस्टिक असते, आठवडाभराच्या गप्पा साठलेल्या असतात म्हणून मी जरा जास्तच हसते. साहजिकच सगळे म्हणतात, ‘दिसतेस तर छान!’ त्यांनी मला दहा वेळा पाहिलं असेल तर दहाही वेळा छानच पाहिलं आहे. त्यांच्या नजरेत मी धडधाकट बाई, जी मनात आलं की येते आणि मनात नसलं की दुखण्याचं कारण सांगते. हा गैरसमज दुष्टपणातून आलेला नाही, हिशेबातून आला आहे. पण बसतो तो आपल्याच अंगावर.

बाहेरची माणसं अशी गेली तर समजून घेता येतं. घरातलं एकटेपण जास्त लागतं. आमच्याकडे पाच माणसं आहेत. सकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या होतात आणि तिसरी शिट्टी माझ्या दातांत घुसते. मी कानांवर हात ठेवते. कुणी काही बोलत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मी उठायच्या आधी कुकर उरकून टाकलेला असतो. ही माया आहे हे मला कळतं. पण त्यामुळे सकाळचा तो अर्धा तास, जेव्हा सगळे ओट्याभोवती उभं राहून चहा पितात आणि कुणाचं काय चाललंय ते कळतं, तो माझ्यावाचून होऊ लागला. माझी काळजी घेता घेता मला वगळलं गेलं. नातवंड मिठी मारायला धावतं आणि आई त्याला मागे ओढते, ‘आजीला दुखतं ना’. हे वाक्य ऐकणाऱ्या बऱ्याच बायका मला ठाऊक आहेत.

कागदोपत्रीही कुठे जागा नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व दिलं आहे, त्यात फायब्रोमायल्जियाचं नाव नाही. त्यामुळे लोकलमध्ये चाळिशीतल्या बाईने बसायला जागा मागितली तर दाखवायला काही नसतं. मी मागत नाही, दोन गाड्या सोडते. मग उशीर होतो, मग जाणंच सोडून देते.

एकटेपण दुखण्याला खतपाणी घालतं

एवढं सगळं ‘मनाला लागण्या’पुरतं असतं तर लेख इथे संपवला असता. पण एकटेपणाने अंगावर परिणाम होतो. माणसं कमी झाली की हालचाल कमी होते, कारण आपण हलतो ते बहुतेक माणसांपायी. दार उघडायला, कुणाला सोडायला, कुणाबरोबर भाजी आणायला. हालचाल घटली की स्नायू ढिले पडतात आणि थोड्या श्रमानेही जास्त दुखतं. दिवसाला आकार राहिला नाही की झोपेची वेळ सरकते, आणि झोपेचं काय होतं ते वर पाहिलंच. शिवाय लक्ष. दुखणं आणि गप्पा यांना मेंदूत एकाच दारातून यावं लागतं असं समजा. गप्पा चालू असताना दुखणं मागे उभं राहतं. खोलीत कुणीच नसलं की ते पुढे येऊन बसतं.

२००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून पडद्यावर तिघांत चेंडू फेकण्याचा खेळ दिला. थोड्या वेळाने बाकीचे दोघं एकमेकांतच चेंडू फेकू लागायचे, याच्याकडे येईना. एवढ्याशा वगळण्याने मेंदूचा जो भाग जागा झाला, तो शारीरिक दुखण्याचा त्रास होतो तेव्हाही जागा होतो. या निष्कर्षावर नंतर बरीच वादावादी झाली, त्यामुळे ‘मन दुखणं आणि हात दुखणं एकच’ इतकं सोपं करून मी सांगणार नाही. पण तो खेळ मला ओळखीचा वाटला. सोसायटीच्या ग्रुपवर सहलीचं ठरतं आणि कुणी ‘तुम्ही येणार का’ विचारत नाही, तेव्हा चेंडू असाच डोक्यावरून जातो.

हा प्रश्न आता फक्त आजाऱ्यांचा राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२३ मध्ये माणसांच्या तुटत चाललेल्या संबंधांसाठी खास आयोग नेमला. त्याच्या २०२५ च्या अहवालात जगातल्या सहांपैकी एका माणसाला एकटेपणाची झळ लागते असं म्हटलंय. आमच्यासारख्यांना ती किती लागत असेल, ते आकड्याशिवायही कळतं.

पाण्याचा हिशेब

‘बाहेर पड, लोकांत मिसळ’ हा सल्ला बरोबर आहे आणि निरुपयोगी आहे. बाहेर पडता आलं असतं तर सल्ला लागला नसता. मला उपयोग झाला तो पाण्याच्या हिशेबाचा.

आमच्याकडे डोंबिवलीत कित्येक वर्षं पाणी सकाळी तासभर यायचं. टाकी भरली की दिवस त्यातच काढायचा. आमची शक्ती तशीच आहे. फरक एवढाच की आज टाकी किती भरली ते दाखवणारा काटा मोडका आहे. चांगल्या दिवशी वाटतं टाकी तुडुंब आहे. मग कपाटं आवरली जातात, चकल्या तळल्या जातात, साठलेले सगळे फोन होतात, आणि पुढचे तीन दिवस टाकीचा तळ. या भरती-ओहोटीने आजार वाढतो. म्हणून डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट सांगतात की चांगल्या दिवशी कमी करा आणि वाईट दिवशी अगदीच शून्य करू नका, म्हणजे रोजचं काम साधारण सारखं राहील. लिहायला सोपं आहे. चांगल्या दिवशी हात आवरणं ही या आजारातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे.

पण टाकीतून आधी कुणासाठी पाणी काढायचं, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मी आधी स्वयंपाकाचं काढायचे, मग धुण्याचं, मग केराचं. माणसांसाठी जे उरेल ते. उरायचं काहीच नाही. आता उलट करते. आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास माणसांचा, तो आधी बाजूला. त्या दिवशी पोळ्या बाहेरून येतात. पहिल्यांदा घरात यावर नापसंतीची एक शांतता पसरली होती. ‘गप्पा मारायला बरं दुखत नाही’, असं कुणी म्हटलं नाही, पण हवेत होतं. दुखतं. मी तिथे खर्च करायचं ठरवलंय, एवढंच.

दुसरी गोष्ट, ‘जमलं तर येते’ हे वाक्य मी दुरुस्त केलं. आता मी म्हणते, ‘मला यायचं आहे. चार वाजेपर्यंत कळवते. माझ्यासाठी थांबू नका, आणि आज नाही जमलं तरी पुढच्या वेळी बोलवा.’ यातला शेवटचा तुकडा सगळ्यात मोलाचा आहे. बोलावणाऱ्याच्या मनातला अवघडलेपणा त्याने जातो. नाही म्हणणारी बाई ‘परत विचारा’ म्हणतेय, म्हणजे तिला टाळायचं नाहीये, हे त्याला कळतं. पहिल्यांदा म्हणताना जीभ जड होते, आपणच आपलं आमंत्रण मागतोय असं वाटतं. मागतच असतो. त्यात काही बिघडत नाही.

आजार सगळ्यांना समजावत बसू नये, टाकी त्यातच रिकामी होते. बाकीच्यांना एक ओळ पुरते, ‘मेंदूत दुखण्याचा आवाज वाढलेला राहतो, असा आजार आहे.’ पण एका माणसाला सगळं सांगावं. वाईट दिवसाचंही त्याने काही पाहिलेलं असावं. मी माझ्या नणंदेला ठरवून वाईट दिवशी घरी येऊ दिलं. केस न विंचरलेले, खोलीत अंधार, बोलताना शब्द सापडत नाहीत. ती बावरली. त्यानंतर कुणी ‘ती काय, मनात आलं की येते’ म्हणालं की उत्तर द्यायला मला जावं लागत नाही.

भेटींचे आकारही बदलून बघावेत. लग्नाला रिसेप्शनच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा सकाळी लवकर जाऊन नवरीला भेटून यावं, तेव्हा गर्दी नसते, खुर्ची मिळते आणि बँड यायला वेळ असतो. गणपतीत आरतीला जावं, विसर्जनाच्या स्पीकरला घरातूनच नमस्कार. टाइप करून बोटं दुखतात तर बोलून निरोप पाठवावा. फोन पडून, स्पीकरवर. आणि ठरलेली वेळ असावी. ‘कधीतरी बोलू’ यात रोज नव्याने ठरवावं लागतं, आणि धुक्यात ठरवणं हेच मोठं काम असतं. माझी शाळेतली मैत्रीण ऑस्ट्रेलियात आहे, दर रविवारी दुपारी तिचा फोन येतो. बोलायला काही नसलं तर ती तिच्या ओट्यावर भांडी घासते आणि मी इकडे ऐकते.

आजारी माणसांचे आपसातले गट चांगलेही असतात आणि नसतातही. पहिल्या दिवशी ‘तुलाही?’ हे ऐकून रडू येतं इतकं बरं वाटतं. सहा महिन्यांनी लक्षात येतं की रोज सकाळी उठल्या उठल्या आपण पंचवीस जणांची दुखणी वाचतोय आणि आपलं दुखणं त्यांच्याशी ताडून बघतोय. कुणीतरी चमत्कारी पावडर विकायला आलेलंही असतंच. ज्या गटात आजाराखेरीज दुसरं काही बोलणं होतं, पाककृती, मालिका, मुलांची लग्नं, तो ठेवावा. बाकीच्यांतून मी निघाले.

व्यायामाचं थोडं वेगळं आहे. २०१६ साली युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने फायब्रोमायल्जियावरचे सगळे उपाय तपासले, आणि ठामपणे शिफारस केली ती एकाच गोष्टीची, व्यायामाची. औषधांची नावं त्यानंतर, आणि जपून. प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, थोड्या मात्रेत अमिट्रिप्टिलिन ही डॉक्टर देतात ती नेहमीची. त्यातलं ड्युलोक्सेटिन नैराश्यावरही वापरतात, त्यामुळे घरात कुणी गूगल केलं की ‘हे तर डिप्रेशनचं औषध!’ म्हणून नवी कुजबुज सुरू होते. ते औषध मेंदूचा तो दुखणं दाबणारा ब्रेक घट्ट करायलाही मदत करतं, हे सांगून ठेवावं. व्यायाम म्हणजे बारा सूर्यनमस्कार नव्हेत. मी पाच मिनिटं चालण्यापासून सुरुवात केली, बिल्डिंगच्या गेटपर्यंत आणि परत. कसोटी दुसऱ्या दिवशीची. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर एक पाऊल मागे. ताई-ची हा संथ चिनी व्यायाम आणि सौम्य योगासनं यांचे प्रयोगही चांगले निघाले आहेत. माझी भर एवढीच, की हे एकटीने करू नका. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू पंच्याहत्तरीच्या आहेत, गुडघ्यांमुळे त्यांची चाल माझ्याइतकीच. आम्ही दोघी मिळून सोसायटीला दोन फेऱ्या मारतो. तरुण बायका शेजारून भराभर जातात. काकू म्हणतात, ‘जाऊ दे, त्यांना घाई आहे.’

एक गोष्ट मात्र पाण्याच्या हिशेबात बसत नाही. माणसं नकोशी वाटणं, आवडती माणसंही नकोशी वाटणं, दोन आठवडे कशातच रस न उरणं, ‘आपण नसलेलं बरं’ असं मनात येणं, हा फायब्रोमायल्जियाचा नेहमीचा थकवा नसतो. नैराश्य या आजारासोबत बऱ्याचदा येतं आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना हे स्वतंत्रपणे सांगावं, ‘अंग दुखतं’च्या यादीत शेवटी पुटपुटू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ हा नंबर, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. विचारांच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचाही उपयोग होतो, पण ते ‘मनाचा आजार’ म्हणून घ्यायचं नाही, मोडका काटा वाचायला शिकवणारं म्हणून घ्यायचं.

आजूबाजूच्यांसाठी थोडं

रोज ‘बरं वाटतंय का?’ विचारू नका. ‘हो’ म्हटलं तर खोटं आणि ‘नाही’ म्हटलं तर तुमचा चेहरा पडतो. ‘आज कितपत?’ विचारा. याला ‘पाच आणे’ असंही उत्तर देता येतं, आमच्या घरी आण्यांतच चालतं. आणि उपाय पाठवू नका. गुळवेल, चुंबकाचा पट्टा, कुणाच्या तरी मामाला गुण आलेला वैद्य. प्रत्येक उपायामागे माया असते, पण न घेतलेल्या उपायाचा हिशेब द्यावा लागेल या भीतीने माणूस फोन उचलायचं बंद करतं. मी स्वतः एका मामेबहिणीचे फोन वर्षभर चुकवले, केवळ तिने दिलेलं तेल बाटलीत तसंच होतं म्हणून.

काय करावं, ते मला एका मैत्रिणीकडून कळलं. ती बोलावत नाही, येते. गेल्या जानेवारीत एका मंगळवारी ती दोन किलो मटार घेऊन आली. तिच्याच घरचे, फ्रीजरमध्ये भरून ठेवायचे. खाली वर्तमानपत्र पसरलं, मला पलंगावर उशीला टेकून बसवलं आणि माझ्यापुढे मूठभर शेंगा टाकल्या. मी आठ-दहा सोलल्या, बोटं भरून आली तशा ठेवून दिल्या. तिने लक्षच दिलं नाही. ती सोलत होती आणि सुनेबद्दल सांगत होती. मध्येच माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा पातेलं हिरवंगार भरलेलं होतं आणि ती टरफलं गोळा करत होती.

‘पुढच्या मंगळवारी?’ ती दारात म्हणाली.

‘जमलं तर’, मी सवयीने म्हणाले.

‘तुला काय जमवायचंय त्यात?’ चपला घालत ती म्हणाली. ‘येणार मी आहे.’